अकरा सह्यांचा चेंडू आणि त्यातली हवा

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. हा नमस्कार एका हाताचा आहे, तरी राग मानू नये. दुसऱ्या हाताचा अंगठा मी चेंडूच्या शिवणीवर दाबून धरला आहे आणि तो काढला तर काय होईल याचा विचारही करवत नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं असेल तर तेही त्यामुळेच. (तुमच्यापुढे अक्षराची सबब सांगायची म्हणजे सोनारापुढे पितळ ठेवण्यासारखं आहे, पण इलाज नाही.)

तुमचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना? मामींचा खोकला गेला का? त्यांना म्हणावं, चष्म्याची दांडी सैल झाली तर दोऱ्याने बांधत जाऊ नका, भाचा चष्मेवाला आहे याची थोडी तरी लाज राखा. आई ठीक आहे. कानातलं यंत्र ती फक्त स्वतः बोलताना लावते, आम्ही बोलायला लागलो की काढून डबीत ठेवते. हीसुद्धा ठीक आहे, म्हणजे माझ्याशी बोलते आहे. पण चेंडूचा उल्लेख आता 'तुमचं ते लेकरू' असा करते, त्यावरून घरातलं हवापाणी तुमच्या लक्षात येईल. माझी तब्येत विचाराल तर जेवण जात नाही, आणि काल एका बाईंना त्यांच्या सासूचा चष्मा देऊन बसलो. त्या दोघींनाही तो फरक कळला नाही ही गोष्ट वेगळी.

माझा छंद तुम्हाला ठाऊक आहेच. लोक म्हातारपणाची सोय म्हणून चार गोष्टी साठवतात, मी जुन्या फुटबॉलवाल्यांनी सह्या केलेल्या वस्तू साठवल्या. दुकानातल्या फ्रेमांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे या मंडळींनी अडवले आहेत. एक जर्सी आहे, तिच्यावरची सही नेमकी काखेत आहे, त्यामुळे ती कायम हात वर करून टांगावी लागते आणि आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणीतरी शरण आल्यासारखं वाटतं. एक बूट आहे, डाव्या पायाचा. त्याचा उजवा भाऊ वरच्या मजल्यावरच्या दातवाल्या डॉक्टरांकडे आहे, त्यांनाही हेच वेड. दोन्हींवर एकाच लेफ्ट विंगरची सही. ते मला डावा मागतात, मी त्यांना उजवा मागतो, दोघंही देत नाही, आणि वर्षानुवर्षं आम्ही जिन्यात भेटलो की एकमेकांच्या पायांकडे बघून हसतो. (हसणं फक्त दातांचं. त्यांचा तो धंदाच आहे.)

या सगळ्यांचा राजा म्हणजे चेंडू. आपल्या क्लबने आजवर एकदाच कप जिंकला, त्या अंतिम सामन्यातला. जाड चामड्याच्या पट्ट्यांचा, तोंड वादीने आवळलेला, आणि अंगभर अकराही खेळाडूंच्या सह्या. भंगारवाल्याच्या ढिगात मला तो दिसला तेव्हा त्याला टेकून एक मांजर झोपलं होतं. मांजराने मला ओरबाडलं, पण चेंडू घरी आला. घरच्यांनी त्याचं काय स्वागत केलं ते विचारू नका. ही म्हणाली, धुऊन घ्या. जावई म्हणाले, खेळता येईल का. कौतुक केलंत ते एकट्या तुम्ही. तुम्ही तेव्हा दुकानाची पाटी रंगवायला आला होतात. शिडीवरून उतरलात, ब्रश ठेवलात, हात पुसलेत, चेंडू घेऊन लांब धरलात, सावकाश फिरवून सगळ्या सह्या बघितल्यात आणि म्हणालात, "चांगल्या आल्यात." मग एका सहीवर थांबून, "ही जरा घाईत झाली." मी भरून पावलो. आपल्या घराण्यात निदान एका माणसाला दर्दी नजर आहे, असं मी त्याच दिवशी हिला ऐकवलं. तेवढ्यात आईने आतून नेहमीचं सांगितलं की माझा हा भाऊही त्या संघाबरोबर असायचा, बॅगा सांभाळायला. तुम्ही ब्रश उचललात आणि पुन्हा शिडीवर चढलात. मैदानाचा विषय निघाला की तुम्हाला नेहमी काहीतरी काम आठवतं, हे आम्हाला सवयीचं झालं आहे.

आता खरं संकट. येत्या रविवारी क्लबच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंच्या दालनाचं उद्घाटन आहे आणि मधल्या काचपेटीत माझा चेंडू ठेवायचा आहे. क्लबचे सेक्रेटरी (हे गृहस्थ समोर एकच माणूस असला तरी सभेत बोलल्यासारखे बोलतात) महिनाभर त्याचीच जाहिरात करत आहेत. पेटीखाली लावायचं कार्ड छापून आलं आहे: 'अकरा वीरांच्या स्वहस्ताक्षरांनी पावन झालेला चेंडू.' पावन हा शब्द मी सुचवला होता. तोच आता घशात अडकला आहे. पडदा बाजूला करणार खुद्द कॅप्टन, त्या अकरांपैकी आज हयात असलेले एकटेच. पहिल्या रांगेत दातवाले डॉक्टर सपत्नीक बसणार. म्हणजे माझी जी काही शोभा व्हायची ती अगदी योग्य माणसांसमोर होणार आहे.

संकटाची सुरुवात हवेपासून झाली. तो चेंडू माझ्याकडे आल्यापासून मी त्यात फुंकरसुद्धा घातलेली नाही, कारण आत त्याच दिवशीची हवा आहे अशी माझी श्रद्धा होती. (डॉक्टर म्हणतात रबरात हवा इतकी वर्षं टिकत नाही, टिकते ती दातातली कीड. हा माणूस कुठलंही बोलणं दातावर नेतो.) पण गेल्या आठवड्यात कार्ड हातात आलं आणि चेंडूने मान टाकली. मी रोज सकाळी त्याला दाबून बघतो, तो रोज जास्त दबतो. चामडं आत जायला लागलं तशा सह्याही सुरकुत्यांत शिरायला लागल्या. गोलकीपर दिसेनासा झाला, एका बॅकचा उत्तरार्ध गेला. ही सायकलचा पंप घेऊन आली तेव्हा मी कपाटासमोर आडवा पडलो, कारण इतकं जुनं चामडं एकदम ताणलं तर फुटणार, आणि फुटणार ते नेमकं सहीवरून. हवा न भरावी तर रविवारी त्या काचपेटीत अकरा वीरांची उशी ठेवावी लागणार. हवा जाते कुठून ते शोधायला मी चेंडू कानाशी धरून डोळे मिटून बसलो होतो, तेवढ्यात एक नवीन गिऱ्हाईक दार उघडून आत आलं आणि मला बघून, आवाज न करता, दार लावून निघून गेलं. पण जागा सापडली. वादीच्या जरा खाली शिवण उसवली आहे आणि आतलं रबरही तिथेच झिरपतं आहे. तेव्हापासून अंगठा आणि मी तिथेच आहोत.

इथवर असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण नशीब खोडीवर असलं की एका खोडीवर थांबत नाही. परवा कॅप्टन दुकानात आले. रविवारचं भाषण कागदावरून वाचायचं म्हणून नवा चष्मा हवा होता. त्यांचा जुना चष्मा कोणी दिला होता कोण जाणे. आत आल्याबरोबर त्यांनी कोट अडकवायच्या खुंटीला नमस्कार केला आणि मला ओलांडून पुढे गेले. मामा, मी त्यांच्या डोळ्यांवर जीव ओतला. एक भिंग घाल, एक काढ, वरची ओळ वाचा, खालची वाचा, हे बरं की ते बरं. इतका नेमका नंबर मी आजवर कोणाचा काढला नसेल. आणि मग आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे, चाचणीची फ्रेम नाकावर असतानाच, त्यांना म्हणालो की आता जरा आजूबाजूला बघा. त्यांनी बघितलं. त्यांना चेंडू दिसला.

त्यांनी तो मागितला, मी अंगठ्यासकट दिला. म्हणजे ते एका बाजूने धरून आणि मी दुसऱ्या बाजूने चिकटून, असे आम्ही दोघं भिंगं लावून त्या चेंडूवर वाकलो. एकेका नावावर ते थांबत होते, हसत होते, मान हलवत होते. मला वाटलं, केल्याचं चीज झालं. मग त्यांचं स्वतःचं नाव आलं. त्यांनी चेंडू जवळ नेला, लांब नेला, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ही मी केलेली नाही." मग चेंडू पुन्हा एकदा फिरवून म्हणाले, "यातली एकही आम्हा अकरांपैकी कोणी केलेली नाही."

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला तो सांगायलाही लाज वाटते. त्यांच्या नाकावरची भिंगं काढून घ्यावीत असं मला वाटलं. अर्धा नंबर चुकवला असता तर सगळं सुरळीत पार पडलं असतं! आपल्याच कौशल्याने आपलंच नाक कापून घेणारा चष्मेवाला माझ्याखेरीज दुसरा झाला नसेल.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या मोसमात सामना संपला की कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी माणसांची झुंबड उडायची. कोणी चेंडू पुढे करायचं, कोणी फोटो, कोणी रुमाल. खेळून दमलेले अकराजण आंघोळीला पळायचे. सही म्हटली की कोणाला कंटाळा, कोणाचं मनगट दुखावलेलं, आणि गोलकीपरला आपलं आडनाव लिहिताना दरवेळी एक अक्षर कमी पडायचं. संघात एक बारावा होता, राखीव. सगळे त्याला 'बारावा' असंच म्हणायचे. मोसमभर कोणी जायबंदी झालं नाही, त्यामुळे त्याला कोणी मैदानात उतरवलं नाही. प्रत्येक सामन्याला बूट बांधून बाकावर बसायचा आणि बूट सोडून घरी जायचा. पण त्याचं अक्षर देखणं. सगळ्यांच्या सह्या तोच करायचा, आणि नुसती नावं लिहिल्यासारख्या नाहीत, प्रत्येकाची निराळी. बॅकची पाय रोवून उभी, विंगरची पळती. कॅप्टन म्हणाले, माझी सही कशी असते हे मला त्याच्यामुळे कळलं. पुढे बँकेत खातं उघडायची वेळ आली तेव्हा त्यांनी एक जुना फोटो समोर ठेवून बाराव्याने केलेली आपली सही गिरवून गिरवून पाठ केली आणि जन्मभर तीच चालवली. "खरी म्हणशील तर हीच," ते चेंडूवर बोट ठेवून म्हणाले. "मी नक्कल करतो."

बुडत्याला काडीचा आधार म्हणून मी विचारलं की सह्या जाऊ देत, आतली हवा तरी त्या दिवशीचीच असेल ना. ते हसले. क्लबचा पंप कायम मोडलेला असायचा म्हणे. आतल्या रबरी ब्लॅडरची नळी तोंडात धरून चेंडू तोच फुगवायचा, आणि किती भरायची ते त्यालाच बरोबर कळायचं. "आमचा दम खेळण्यात जायचा, त्याचा शिल्लक राहायचा," ते म्हणाले आणि मग हसायचे थांबले. पुढे म्हणाले की एकेक सही झाली की तो चेंडू लांब धरायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, 'चांगली आलीय.' कप घेऊन काढलेल्या फोटोत तो नाही, कारण तेव्हा तो आत सह्या करत बसला होता. नंतर तो मैदानाकडे फिरकला नाही, आणि आम्हीही शोधायला गेलो नाही, असं ते म्हणाले.

यावर मी काय बोललो? मी म्हणालो, भिंगं गुरुवारी तयार होतील. लांबचं दिसतंय का बघायला त्यांना दाराबाहेर उभं केलं, तर समोरच्या इमारतीकडे बघायचं सोडून ते वळले आणि आमच्या दुकानाची पाटी वाचत राहिले. पाटी कोणी रंगवली, असं त्यांनी विचारलं. घरच्याच माणसाने, मी म्हणालो. त्यांनी चाचणीची फ्रेम माझ्या हातात दिली आणि खुंटीला टाळून घरी गेले.

तेव्हापासून माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी आहे. कार्ड खोटं आहे हे मला माहीत आहे, कॅप्टनना माहीत आहे. हा माणूस असा की एकदा रेफरीने दिलेला गोल त्यांनी आपण होऊन नाकारला होता. रविवारी सगळ्यांसमोर ते काय बोलतील याची मला रोज नवीन कल्पना सुचते आणि प्रत्येक कल्पनेत शेवटी डॉक्टर टाळ्या वाजवतात. (त्यातल्या त्यात एक सुख आहे. विंगरची सही बाराव्याने केली असेल तर माझा डावा बूट खोटा ठरतो, पण मग त्यांचा उजवाही ठरतो.) हिला विचारलं तर ती म्हणते, खरं सांगून मोकळे व्हा. खरं सांगणं सोपं असतं तर लोक इतका त्रास घेऊन खोटं कशाला बोलले असते?

तर मामा, एवढं सगळं रामायण लिहायचं कारण अगदी क्षुल्लक आहे. तुमच्याकडे तो लहानसा पंप आहे ना, ज्याने हवा हळूहळू जाते? तो जमल्यास रविवारच्या आत कोणाबरोबर तरी पाठवून द्यावा. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचा,
चष्मेवाला भाचा

ता. क. पंपाचं मी उगीच लिहिलं. पंप आमच्याकडे आहे, हिने आणलेला तसाच पडला आहे. मला तुम्हीच हवे आहात. बारावे तुम्ही होतात हे मला 'चांगली आलीय' ऐकल्याबरोबर कळलं, आणि कॅप्टनसमोर मी भिंगांचं बोलत बसलो ते त्यामुळे. मामा, इतकी वर्षं मी तुम्हाला कौतुकाने तुमच्याच सह्या दाखवत होतो, आणि तुम्ही दरवेळी चष्मा सारखा करून बघत होतात! एकदाही हसला नाहीत. आम्ही मात्र बॅगा, बॅगा म्हणत राहिलो. मला फार वाईट वाटलं. आईला सांगितलं, तेव्हा तिने यंत्र कानात घातलं, पुन्हा सांगायला लावलं, आणि मी बोलून संपेपर्यंत ते काढलं नाही, हे आमच्या घरात कधी घडत नाही. आता विनंती. चेंडूवर वादीशेजारी एक पट्टी कोरी आहे. तिथे कारखान्याचा शिक्का असेल, पुसला असेल, असं मी समजत होतो. कॅप्टननी परवा तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, त्याने स्वतःची कधी केली नाही, आम्ही कर म्हणालोही नाही. तुम्ही रविवारी या आणि तिथे तुमची सही करा. म्हणजे त्या चेंडूवर एक तरी सही ज्याची त्याने केलेली असेल, आणि माझं कार्डही थोडंफार खरं होईल.

ता. क. दुसरा. हिने वरचं वाचलं. म्हणाली, "मामांना चेंडूसाठी बोलावताय की मामांसाठी, ते आधी ठरवा." मी विचार केला. पत्र सुरू केलं तेव्हा चेंडूसाठीच होतं, खोटं कशाला बोलू. आता तसं नाही. सही करावीशी वाटली नाही तर करू नका, नुसते या. कोणी काही विचारणार नाही. शिडीचीही सोय करून ठेवतो. फक्त बाकावर बसायचं नाही, पहिल्या रांगेत बसायचं. डॉक्टरांना मी एक खुर्ची सरकायला सांगेन, त्यासाठी डावा बूट द्यावा लागला तरी देईन.

ता. क. तिसरा. चिकटवलेलं पाकीट फोडून हे लिहितो आहे. कॅप्टन आत्ता चष्मा घेऊन गेले. चष्मा चढवला, बाहेर जाऊन पुन्हा पाटीखाली उभे राहिले आणि आत येऊन एवढंच विचारलं, "येतोय का तो?" म्हणजे परवाच ओळखलं होतं त्यांनी. मी म्हणालो, पत्र लिहिलंय. ते खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले की अलीकडे हात कापतो, बँकेत सही जुळत नाही म्हणून परत पाठवतात. मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि मान वाकडी करून, फार सावकाश, एक सही केली. कागद लांब धरून बघितला. मला म्हणाले, "त्याला पाठव. चांगली आलीय का, ते येऊन सांग म्हणावं." तो कागद सोबत जोडला आहे. मला तरी ती हुबेहूब वाटली, शेवटाला जरा हललीय. पण माझं काय घेऊन बसलात, मी सगळ्याच खऱ्या मानत आलो. खरीखोटी तुम्हीच ठरवू शकता. आणखी एक. शिवणीवरचा अंगठा मी मघाशीच काढला. चेंडू हळूहळू बसतो आहे, रविवारपर्यंत पार रिकामा होईल, मग आतल्या रबराला ठिगळ आणि वर शिवण घालून घेतो. पंपाला हात लावू देत नाही. किती भरायची ते तुम्हालाच कळतं.

म्हणून हा नमस्कार दोन्ही हातांचा.